सकवारअक्काची कोरडी खोली

सकवारअक्काच्या बाळंतिणीच्या खोलीत सगळं असायचं, फक्त पाणी नसायचं. शेगडी असायची, तिच्यावर ओवा, शेपा आणि वावडिंगाची धुरी असायची, खिडकीला आतून गोणपाट ठोकलेलं असायचं. बाळंतिणीच्या कानात कापसाचे बोळे, डोक्याला लोकरीचा रुमाल, पोटावर आवळून बांधलेलं जुनं लुगडं. जेवायला मऊ भात, त्यावर तुपाची धार, लसूण आणि मिऱ्याचं सारू, वर विडा. आणि दिवसाकाठी चमचा-दोन चमचे पाणी, तेही ओव्यात उकळलेलं, औषध द्यावं तसं अक्काच्या हातून. पाण्यानं पोट सुटतं, आतली जखम पिकते, अंगावर सूज चढते आणि तान्ह्याला सर्दी होते, असं तिचं म्हणणं. हे काही तिचं एकटीचं म्हणणं नव्हतं. बेंगळूरच्या पेटेत, म्हणजे जुन्या बाजारवस्तीत, कन्नड, तेलुगू, मराठी, सगळ्या घरांत थोड्याफार फरकानं हेच चालायचं. अक्काकडे ते जरा जास्त कडक चालायचं.

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठावन्न-एकोणसाठच्या सुमाराची. माझे यजमान उमाकांत विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागले आणि मी पुण्याहून त्यांच्याबरोबर इथं आले. पुण्याला मी नर्सिंग शिकले होते. इथं आल्यावर मल्लेश्वरमच्या भाड्याच्या घरात दिवसभर भिंती बघत बसायची पाळी आली. माझा स्वभाव मुळात तुसडा आणि भांडखोर, त्यात रिकामपण, म्हणजे घरातल्या माणसाचे हालच. त्यामुळे डॉक्टर सरोजम्मांनी मला त्यांच्या कामाला बोलावलं तेव्हा माझ्याआधी उमाकांतनीच होकार कळवून टाकला.

सरोजम्मा एका सरकारी इस्पितळात बाळंतपणाच्या डॉक्टर होत्या. अंगानं किरकोळ, बोलणं हळू, पण एखादी गोष्ट डोक्यात घेतली की सोडायच्या नाहीत. त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न घर करून बसला होता. बाळंतपण अगदी सुखरूप झालेल्या, घरी मजेत असलेल्या बायका दहाएक दिवसांनी, पंधरवड्यानं टांग्यात घालून त्यांच्याकडे आणल्या जायच्या. आधी डोकं ठणकायचं, मग झटके यायचे, मग एका बाजूचा हात-पाय लुळा पडायचा. काही वाचायच्या, काही जायच्या. ज्या आणल्याच जात नव्हत्या त्यांचा तर पत्ताच नव्हता. पेटेतल्या लोकांपाशी याचं उत्तर तयार होतं. ते म्हणायचे, गाळी लागली. गाळी म्हणजे वारं, आपल्याकडे बाहेरचं लागलं म्हणतात ते. सरोजम्मांना वाटत होतं की या बायकांच्या अंगात पाणीच उरत नाही आणि रक्त घट्ट होऊन डोक्यातल्या शिरेत अडकतं. पण वाटण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांना घरोघरी जाऊन, सुइणींना भेटून, बाळंतिणीला काय देतात आणि काय नाकारतात ते विचारायचं होतं. कॉटनपेटेतल्या मराठी गल्ल्यांसाठी त्यांना मी हवी होते.

सकवारअक्का तिथली. तिच्या घराण्यात कुणीतरी फार पूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. नवऱ्याचं शिंप्याचं दुकान होतं, तो लवकर गेला. सुईणपण तिला सासूनं शिकवलं. हात असा की आडवं मूल पोटावरूनच सरळ करायची आणि तोंडात विडा तसाच असायचा. सरोजम्मांनी कन्नडमधून विचारलेलं तिला सगळं कळायचं, कन्नड ती माझ्या मराठीपेक्षा झोकात बोलायची. पण उत्तर मात्र माझ्याकडे बघून मराठीत द्यायची. बाळंतपणाचं बोलणं घरच्याच भाषेत करायचं, असा तिचा नेम होता. माझं मराठी ऐकून तिला हसू यायचं. तुम्ही पुण्याच्या बायका रागवल्यासारख्या का बोलता, असं तिनं मला पहिल्याच दिवशी विचारलं. मी म्हटलं, आम्ही रागवलेल्याच असतो. तेव्हापासून आमचं जमलं. तोंडावर मी तिला ‘तुम्ही’ म्हणायचे, पण मनात ती माझ्यासाठी लगेच ‘ती’ होऊन गेली.

पाण्याचं विचारलं तेव्हा तिनं अभिमानानं सगळं सांगितलं. आपल्या हाताखालची बाळंतीण किती कोरडी असते, पोट कसं आत जातं, सासवा कशा खूश होतात. सरोजम्मा मान हलवत ऐकत होत्या. निघताना दिवेलागण झाली होती. मी हात धुवायला परसदारी गेले तर विहिरीच्या कठड्यावर पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या ठेवलेला. मी तोच उचलायला गेले आणि अक्कानं माझं मनगट धरलं. हे तुझं नव्हे, एवढंच म्हणाली. तिचा हात थंडगार होता. 

तो तांब्या कुणाचा ते मला शेजारच्या जमनाबाईंनी सांगितलं. तो अक्काच्या थोरल्या मुलीचा, रत्नाचा होता. रत्ना काही वर्षांपूर्वी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. अक्कानं स्वतःच्या हातानं तिला सोडवली, मुलगी झाली, सगळं नीट होतं. दहा-बारा दिवस झाले असतील. अक्का दुसऱ्या एका घरी अडलेल्या बाईकडे गेली होती. रत्नाला तहान सोसेना. ती उठली, केस मोकळे, तशीच ऐन दिवेलागणीला परसात गेली, पोहरा ओढला आणि पोहऱ्यालाच तोंड लावलं. तेवढ्यात मागच्या दारानं अक्का आली. तिनं रत्नाच्या हातातून पोहरा हिसकावला. त्याच रात्री रत्नाचं डोकं ठणकायला लागलं आणि दुसऱ्या दिवशी झटके आले. गल्लीनं ठरवलं, विहिरीवर गाळी लागली. अक्कानंही तेच धरलं. मंत्रवादी आला, कडुनिंबाच्या डहाळ्या आल्या. रत्ना शुद्धीवर आली की पाणी मागायची. मंत्रवादी म्हणाला, मागते ती तुझी मुलगी नाही, तिच्यात बसलेलं मागतंय. दिलंस तर त्याला बळ येईल. अक्कानं दिलं नाही. रत्ना शेवटपर्यंत मागत राहिली आणि गेली.

तेव्हापासून ती दिवेलागणीला येते, असं जमनाबाई म्हणाल्या. विहिरीचा रहाट आपोआप कुरकुरतो. अक्काला पाणी मागितल्याचं ऐकू येतं. म्हणून अक्का रोज तांब्या भरून ठेवते, म्हणजे रत्ना तिथंच थांबेल, घरात यायची नाही. सकाळी तांब्या रिकामा असतो. मी म्हटलं, मांजरं पीत असतील. जमनाबाई म्हणाल्या, असतील. पण त्यांनी ते अशा आवाजात म्हटलं की मी परत जाताना परसाकडे पाहिलं नाही. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. तरी पाहिलं नाही, हे खरं.

यात आणखी एक गाठ होती. रत्नाची तान्ही मुलगी सांभाळायला कुणीतरी हवं म्हणून अक्कानं धाकटी मुलगी कमला त्याच जावयाला, गुंडूरावांना दिली. बहिणीच्या जागी बहीण, असं त्या समाजात सर्रास चालायचं. रीतीप्रमाणे कमलाच्या गळ्यात सवतीचा टाक आला. टाक म्हणजे मेलेल्या पहिल्या बायकोची चांदीची छोटी प्रतिमा. दुसरीनं तो गळ्यात घालायचा, जे खायचं-प्यायचं ते आधी त्याला दाखवायचं, नवं लुगडं आधी त्याला लावायचं, म्हणजे मेलेली रुसत नाही. कमलाच्या गळ्यात तिची सख्खी बहीण होती. ती घास घ्यायच्या आधी हळूच टाकाला लावून ‘घे गं’ म्हणायची, आणि मला ते बघवायचं नाही.

कमला गरोदर आहे हे मला अक्कानंच सांगितलं. आनंदानं सांगायला लागली आणि मध्येच थांबली. रत्ना हिच्यासाठी येईल, अशी तिला भीती होती. तिनं बनशंकरीला नवस केला, मंगळवारी-शुक्रवारी जाऊन लिंबाचे दिवे लावायला लागली. त्या काळी बनशंकरी गावाबाहेर होती, म्हातारी बाई उन्हातान्हात जायची. आणि बाळंतपणाची तयारी म्हणून तिनं काय केलं, तर मागच्या दाराला नवं कुलूप लावलं आणि खोली आणखी कोरडी ठेवायची ठरवली. रत्ना पाण्याच्या पायी विहिरीवर गेली आणि तिथं गाळीच्या तावडीत सापडली. तेव्हा कमलाला पाण्याचं दर्शनसुद्धा होऊ द्यायचं नाही, असा तिचा हिशेब होता.

माझं डोकं फिरलं. मी सरोजम्मांना म्हटलं, तुम्ही हिला ठणकावून सांगा की पाण्यावाचूनच असं होतं. त्या म्हणाल्या, मला वाटतं, पण अजून खात्री नाही. मी म्हटलं, खात्री होईपर्यंत ती पोरगी मरेल, आत्ता खोटं सांगा. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आज आपण खोटं सांगून पाणी पाजलं तर उद्या दुसरा कुणी खोटं सांगून ते बंद करेल. मला तेव्हा त्यांचा संताप आला. त्या बरोबर होत्या, पण संताप यायचा तो आलाच.

मग मीच अक्काकडे गेले आणि मला येत होतं तेवढं सगळं बोलले. रक्त, शीर, घट्ट होणं, झटके. अक्का सुपात तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, “म्हणजे रत्नाला कुणी नेली?”

 मी जे सांगत होते ते खरं असेल तर रत्नाला गाळीनं नेलं नव्हतं. तिच्या आईनं पोहरा हिसकावला होता आणि मरेपर्यंत तिला कोरडी ठेवली होती. कमलाला पाणी द्यायचं म्हणजे हे कबूल करायचं. अक्काला ते माझ्याआधी समजलं होतं. ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. म्हणाली, सरी, म्हणजे बरं, तू येत जा, बसत जा, विडा खात जा. पण कमळीच्या खोलीत तुझी डॉक्टरकी नको.

गुंडूरावांना मी इस्पितळाचं सुचवून पाहिलं. भला माणूस, पण सासूपुढे त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. आणि कमलालाही आईच हवी होती. आईचा हात लागला की दुखत नाही, असं ती म्हणायची. खरोखरच तिचं बाळंतपण इतकं सहज झालं की त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मुलगा झाला. गल्लीत पेढे वाटले. अक्काच्या तोंडावर मात्र आनंदाचा मागमूस नव्हता. तिचं सगळं लक्ष मागच्या दाराकडे होतं.

मी काहीतरी निमित्त काढून जात राहिले. सुरुवातीला कमला हसायची, बाळाची नक्कल करून दाखवायची. मग तिचे ओठ फुटायला लागले. जीभ पांढरी पडली. अक्का सकाळी चमचाभर पाणी द्यायची तेही कमला आधी गळ्यातल्या टाकाला लावायची, त्यातलं निम्मं टाकावरून ओघळून चोळीत जायचं. मी एकदा माझ्या पिशवीतून पाण्याची बाटली नेली. अक्कानं दारातच पिशवी काढून घेतली, जाताना परत दिली. त्या खोलीत मला गुदमरायला व्हायचं. धुरीनं डोळे चुरचुरायचे, शेगडीची धग यायची, आणि या सगळ्यात त्या पोरीच्या घशाचा गिळताना होणारा कोरडा आवाज. अजून कधीकधी तो आवाज माझ्या कानात येतो आणि मी उठून पाणी पिते.

मग एके दिवशी उन्हं कलताना गेले तर कमला भिंतीकडे तोंड करून पडली होती. डोकं दुखतंय म्हणाली. उजेड सहन होत नव्हता. मी तिचा हात हातात घेतला. डाव्या हाताची बोटं मधूनच आपोआप उडत होती. मी अक्काला हाक मारणार तेवढ्यात कमलानं माझ्याकडे पाहिलं, पण मला नाही, माझ्या पलीकडे कुणाला तरी पाहिल्यासारखं.

“रत्नक्का आलीय,” ती म्हणाली. “पायथ्याशी बसलीय. पाणी मागते. आई देत नाही तिला.”

मी मागं वळून पाहिलं. पायथ्याशी घोंगडी होती, दुसरं काही नव्हतं. पण माझ्या अंगावर काटा आला तो आला. दारात अक्का उभी होती. तिनं ते ऐकलं होतं. तिचं तोंड राखेसारखं झालं. इतके दिवस कठड्यावर तांब्या ठेवून जिला बाहेर थोपवली ती आत येऊन बसली होती आणि आता कमळीच्या तोंडानं बोलत होती.  अक्का तशीच शेजारी निरोप द्यायला निघाली, मंत्रवाद्याला बोलवा म्हणून.

मी दार अडवून उभी राहिले. मी भांडखोर आहे, हे मी आधीच सांगितलं. पण त्या वेळी माझ्याकडे भांडण उरलं नव्हतं. मी नुसती रडत होते. आत कमला पुटपुटत होती, तिला पाणी दे आई, स्वल्प दे, तिला फार तहान लागलीय. ती बहिणीसाठी मागत होती. स्वतःची तहान तिला बहिणीची वाटत होती, आणि आईला ती गाळीची वाटत होती. त्या घरात तहानलेली एकच बाई होती आणि तिला कुणी पाहतच नव्हतं.

मी म्हणाले, “अक्का, मेल्यावर तुम्ही रत्नाला रोज पाणी देता. तिला तेव्हा हवं होतं.”

हे मी म्हणायला हवं होतं की नाही, ते मला आजही सांगता येत नाही.  दिवेलागण व्हायला आली होती. परसात कुणाच्या तरी घरचा रहाट कुरकुरला, अक्काच्या विहिरीचा की शेजारच्या, मला कळलं नाही. अक्कानं मान त्या दिशेनं वळवली आणि बराच वेळ ऐकत राहिली. मग माझ्या बाजूनं निघून गेली. मला वाटलं, संपलं. मागच्या दाराचं कुलूप काढल्याचा आवाज आला. पोहरा पाण्यात पडल्याचा आवाज आला. ती भरलेला तांब्या घेऊन आली आणि परसात न ठेवता तो घेऊन थेट खोलीत शिरली. कमलाच्या मानेखाली हात घालून तिनं तिला उठवलं आणि फुलपात्र ओठाशी नेलं. तशा अवस्थेतही कमलाचा हात वर आला, पाणी आधी टाकाला लावायला. अक्कानं तो हात धरला.

“तिला नको,” ती म्हणाली. “आज आधी तू.”

कमला प्यायली. अर्धं सांडलं, ठसका लागला, परत प्यायली. अक्का पुन्हा पुन्हा फुलपात्र भरत होती. मी गुंडूरावांना जटका, म्हणजे टांगा, आणायला पिटाळलं. आम्ही तिला सरोजम्मांकडे नेलं तेव्हा वाटेत तिला एक झटका आलाच. शिरेतून सलाईन, इंजेक्शनं, सगळं झालं. काही दिवस डोळा लागला की ती दचकायची, डावा हात जड राहिला. मग तोही हलायला लागला. महिनाभरानं ती बाळाला उराशी घेऊन वॉर्डच्या दारात उभी राहिली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

सरोजम्मांना मी विचारलं, आता तरी खात्री पटली ना? त्या म्हणाल्या, एका बाईवरून काही सिद्ध होत नाही. पाणी प्यायलेल्या बायकांनाही असं झालेलं मी पाहिलंय, आणि न प्यायलेल्या कितीतरी ठणठणीत आहेत. अजून पुष्कळ घरं बघावी लागतील. अक्का तिथंच बाकावर बसली होती. सरोजम्मांच्या लेखी जे सिद्ध झालं नव्हतं ते तिच्या लेखी झालेलं होतं. कमला जगली आणि त्याच दिवशी रत्नाचा खटला निकाली निघाला. मुलीला घरी नेताना त्या बाईनं हसून पेढे वाटले, आणि मला मात्र तिच्याकडे बघवेना.

पुढची वर्षं आम्ही पेटेतून हिंडलो. सरोजम्मा समजावून सांगायच्या, मी चित्रं दाखवायचे, बायका मान डोलवायच्या आणि आम्ही पाठ फिरवली की पाण्याचा हंडा खोलीबाहेर जायचा. मग अक्का आमच्याबरोबर यायला लागली. ती काही समजावून सांगायची नाही. उंबऱ्यात बसायची, घरातल्या म्हातारीला जवळ बोलवायची आणि सांगायची, माझ्या रत्नाला मी पाणी दिलं नाही, म्हणून ती मेली. बस, एवढंच. काही घरांनी तिला बोलावणंच बंद केलं. म्हातारीचं डोकं फिरलंय, गाळी आईलाच लागली, असंही कुणी म्हणालं. पण पुष्कळ घरांत तिच्यामागे पाण्याचं भांडं आत गेलेलं मी पाहिलंय. दर वेळी ते वाक्य ती पहिल्यांदाच बोलत असल्यासारखी बोलायची. मी एकदा तिला म्हटलं, अक्का, दुसरं काही सांगत जा, कुणा परक्या बाईची गोष्ट सांगा. ती म्हणाली, परक्या बाईचं कोण ऐकतं?

बासष्ट साली माझ्या मुलाच्या वेळी ती मल्लेश्वरमला माझ्याकडे यायची, बाळाला आणि मला तेल लावून न्हाऊ घालायला. मला दर थोड्या वेळानं पाणी द्यायची आणि मी पिऊन होईपर्यंत समोर उभी राहायची, पेला रिकामा झाला की मगच हलायची. मला त्याचं हसू यायचं. एकदा संध्याकाळी बाळ तिच्या पायांवर पालथं होतं आणि ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. बोलता बोलता मी विचारून बसले, “अक्का, रत्ना येते का अजून?”

तिचा हात चालूच राहिला.

“नाही,” ती म्हणाली. “कमळीला पाणी दिलं त्या दिवसापासनं नाही आली. रोज दिवेलागणीला बसते मी परसात. रहाट वाजतो, तो वाऱ्यानं वाजतो. मला कळतं आता. गाळीनं नेली होती तोवर ती कुठंतरी होती, बा. मी भ्यायचे तिला, पण यायची. आता तिला कुणीच नेलेलं नाही. मग येणार कुठून?”

मी सरोजम्मांचं सांगितलं, की एकीवरून काही सिद्ध होत नाही, रत्नाचं दुसरंही काही कारण असू शकेल. हट्टी मुलानं काही सांगितलं की मोठी माणसं मान डोलवतात तशी तिनं मान डोलवली. बाळाला उताणं केलं आणि त्याच्या तळपायांना तेल लावायला लागली.

“पाणी मागायला तरी येत होती,” ती म्हणाली.